जोड्या लावा, कारणे द्या : घरी जुळविलेला पहिला संगणक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बरगी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



हिंदी भाषक प्रदेशात एखाद्या शाळेने साठ वर्षे मराठी माध्यम टिकवून धरावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिच्या गौरवाची भाषणे माझ्याआधी झाली आहेत आणि माझ्यानंतरही होतील. संयोजकांनी माझ्याकडे मात्र निराळे काम सोपविले आहे. पालकांच्या सभांमधून गेली काही वर्षे एकच प्रश्न वारंवार येतो, तो असा : “दहावी-बारावीनंतर मुलाला संगणक घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?” माझे आयुष्य विजेच्या कामात गेले आणि संगणक जुळविण्याचा छंद त्याच कामातून लागला, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी द्यावे असे ठरले. उत्तर देताना मी विषय थोडा अरुंद करणार आहे. सुटे भाग स्वतः निवडून घरी जुळविलेला पहिला डेस्कटॉप संगणक, एवढ्यापुरतेच मी बोलेन. ‘कोणता घ्यावा’ या प्रश्नापेक्षा ‘कसा निवडावा’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्याचे उत्तर सहा महिन्यांत शिळे होते. दुसऱ्याचे उत्तर मुलाजवळ जन्मभर राहते.

दुसऱ्यांनी केलेले भाग आणून आपण जुळवायचे, यात कमीपणा आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आपल्याच देशाचा इतिहास पाहावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ साली एका संगणकाची उभारणी सुरू झाली आणि १९६० साली तो रीतसर चालू झाला. त्याचे नाव ‘टिफ्रॅक’. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी तो जुळविला होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा किलोबाइट. आज आपण मुलासाठी सोळा गिगाबाइटची रॅम घेतो, ती याच्या साडेसोळा लाख पटींहून अधिक भरते. पुढे पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्या महासंगणकाचे प्रोसेसर परदेशी, बाजारात विकत मिळणारे ट्रान्सप्यूटर होते. भाग विकत घेतलेले होते. त्यांची सांगड कशी घालायची, हे ज्ञान आपले होते. घरी संगणक जुळविणारा मुलगा किंवा मुलगी फार लहान प्रमाणावर तेच करीत असते.

आता आरंभीच एक मर्यादा सांगून टाकतो. डेस्कटॉप हा सर्वांसाठी नाही. मूल वसतिगृहात राहणार असेल, रोज वर्गात संगणक न्यावा लागणार असेल, तर निमूटपणे लॅपटॉप घ्यावा. पण मूल घरी राहून शिकणार असेल, घरात एक टेबल आणि भिंतीत एक चांगला प्लग असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो आणि अधिक वर्षे देतो. त्याचे कारण साधे आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि अनेकदा रॅमसुद्धा बोर्डावर झाळून टाकलेली असते. एक भाग गेला की सारा बोर्ड जातो. डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, वेगळा बदलता येतो. दुसरी वाट जुन्या संगणकाची. कार्यालयांतून निघालेली यंत्रे स्वस्त मिळतात. पण विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. असे यंत्र घ्यायचेच असेल, तर लिनक्स शिकण्याची तयारी ठेवावी. सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषा जाणते.

शाळेत आपण सर्वांनी दोन प्रश्न सोडविले आहेत : ‘जोड्या लावा’ आणि ‘कारणे द्या’. संगणकाचे भाग निवडणे म्हणजे हेच दोन प्रश्न होत. हे मी एका उदाहरणाने सांगतो. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मुलीला गेल्या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. घरातून रोज जबलपूरला ये-जा करायची होती. वडिलांनी पन्नास हजार रुपये बाजूला काढले होते. ते सहज निघालेले पैसे नव्हते. त्यांत आईच्या भिशीची रक्कम होती. वडील म्हणाले, “यादी तू कर, पण प्रत्येक वस्तूपुढे ती का, ते एका वाक्यात लिही. कारण लिहिता आले नाही, तर ती वस्तू घ्यायची नाही.” मुलीने तीन वेळा यादी केली. त्या तिन्ही याद्या मी पाहिल्या, आणि माझे पुढचे सारे बोलणे त्यांच्याच आधाराने आहे.

पहिली यादी उत्साहाची होती. प्रोसेसर उत्तम होता, पण त्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर होते. इंटेलच्या प्रोसेसरांत या अक्षराचा अर्थ असा की, त्यात चित्र उमटविणारा भाग चालू नाही. त्यासाठी वेगळे ग्राफिक कार्ड हवे. यादीत कार्ड नव्हते. म्हणजे संगणक सुरू झाला असता, पंखे फिरले असते आणि पडदा काळाच राहिला असता. एएमडीच्या ‘एएम ४’ या जुन्या सॉकेटवरही तीच गोष्ट : नावाशेवटी ‘जी’ असलेल्या प्रोसेसरांत चित्रभाग असतो, बहुतेक इतरांत नसतो. याच यादीत मदरबोर्ड डीडीआर ४ रॅमचा होता आणि रॅम डीडीआर ५ ची. या दोन प्रकारांच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या घरात दुसरी बसतच नाही. जोड्या चुकल्या होत्या.

म्हणून पहिला नियम असा : प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे एकत्रच निवडावेत, कारण त्यांचा सॉकेट एक असला पाहिजे. एएमडीचा ‘एएम ४’ हा सॉकेट पहिल्या रायझनबरोबर २०१७ साली सर्वत्र आला. ‘एएम ५’ २०२२ साली आला. इंटेलचा ‘एलजीए १७००’ हा सॉकेट २०२१ चा. त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. त्यानंतरचा ‘एलजीए १८५१’ हा २०२४ चा. जुना सॉकेट स्वस्त पडतो, पण पुढे नवा प्रोसेसर बसविण्याची वाट बंद होते. नवा सॉकेट महाग पडतो, पण चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून यंत्र तरुण करता येते. दोन्ही निर्णय योग्य ठरू शकतात. मात्र कोणता घेतला आणि का, हे लिहिता आले पाहिजे. आणखी एक बारकावा : सॉकेट जुळला तरी बोर्डावरील बायॉस जुने असेल, तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. दुकानदाराला घेतानाच विचारावे, “या प्रोसेसरसाठी बायॉस अद्ययावत आहे ना?” हा एक प्रश्न दोन खेपा वाचवितो.

मदरबोर्डाचा आकारही जोडीचाच प्रश्न आहे. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० चा. पहिल्या संगणकासाठी मधला पुरेसा होतो. त्यावर रॅमची चार घरे असतील असे पाहावे. दोन आज भरावीत, दोन उद्यासाठी ठेवावीत. रॅम घेताना सोळा गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी स्मृतीशी बोलतो. दोन पट्ट्या योग्य घरांत असल्या की दोन्ही मार्ग खुले होतात. चित्रभाग प्रोसेसरमध्येच असेल तेव्हा हा फरक अधिक जाणवतो, कारण त्याची स्वतःची स्मृती नसते. तो रॅममधूनच उसनवारी करतो. चार घरांच्या बोर्डावर त्या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या घरात बसवितात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे छापलेले असते, आणि पुस्तिका वाचणे हे या विद्येतले पहिले पथ्य आहे.

मुलीची दुसरी यादी मोहाची होती. या वेळी जोड्या जुळल्या होत्या, पण एक ग्राफिक कार्ड आत शिरले होते आणि त्याने सर्वांचे पैसे खाल्ले होते. पडदा लहान झाला, यूपीएस गायब झाला आणि एसएमपीएसच्या जागी ‘कॅबिनेटबरोबर येतो तो’ असे लिहिलेले होते. तिला मी एकच विचारले, “या कार्डावर पहिल्या वर्षी कोणते काम करणार?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, “काका, काम नाही; खेळ.” खेळायला हरकत नाही. खेळाच्या ओढीनेच कित्येक मुले संगणकाच्या आत डोकावली आहेत. पण पहिल्या वर्षीची आज्ञावली, आराखडे, लेखन आणि व्याख्याने यांना प्रोसेसरमधला चित्रभाग पुरतो. कार्ड ही नंतर बसविता येणारी वस्तू आहे. बोर्डावर तिची जागा राखून ठेवावी आणि ते विकत घेण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलावा. दुसरा नियम असा : जे नंतर सहज वाढविता येते त्यावर आज कमी खर्च करावा, जे नंतर बदलणे जड जाते त्यावर आज नीट खर्च करावा.

जड जाणारी पहिली वस्तू म्हणजे एसएमपीएस, आणि आता मी माझ्या हक्काच्या विषयावर येतो. बरगीत बसून विजेवर बोलायचे म्हणजे थोडी गंमतच आहे. आपल्या धरणाच्या पायथ्याशी ४५ मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. तरी पावसाळ्याच्या पहिल्या वादळात दिवा लुकलुकतो तो आपलाच. दिव्याखाली अंधार असतो तो असा. त्यामुळे मोठ्या शहरातल्या मुलाची यादी जशीच्या तशी उतरवून घेणे बरगीच्या मुलाला परवडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुकानदार तुम्हाला प्रोसेसरपासून सुरुवात करून देईल. येथे मी म्हणेन, सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करा.

प्लगचे तिसरे, जाडे छिद्र हे अर्थिंगचे. कित्येक घरांत ते नुसते शोभेला असते. मागे तारच जोडलेली नसते. अर्थिंग नसेल तेव्हा संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लावताच झिणझिण्या येतात. त्याचे कारण असे की, एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे दोन लहान संधारित्र विजेच्या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचे अंग २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. प्रवाह अल्प असला तरी तो नाजूक भागांना आणि माणसालाही चांगला नाही. तेव्हा संगणक येण्याआधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा, आणि अर्थची तार खरोखर खड्ड्यापर्यंत पोहोचली आहे याचीही खात्री करून घ्यावी. खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घालावे, मीठ-कोळसा नव्याने भरावा. या कामाला फार पैसे लागत नाहीत, आणि यादीतली कोणतीही वस्तू एवढ्या थोड्या पैशांत एवढे रक्षण देत नाही.

नंतर एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर भरवसा ठेवू नये. डब्यावर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्ष निभावणारे वॅट यांत पुष्कळ अंतर असू शकते. हिशेब असा करावा : सहा गाभ्यांचा ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर जोरात चालला तर नव्वदच्या आसपास वॅट घेतो, बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास. एकूण एकशे चाळीस. उद्या दीडशे वॅटचे ग्राफिक कार्ड घातले तर सुमारे तीनशे. म्हणून ‘८० प्लस’ प्रमाणित, ४५० ते ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा आणि लांब हमीचा एसएमपीएस घेतला की आजचे आणि उद्याचेही काम भागते. प्रोसेसर वाईट असला तर काम सावकाश होते. एसएमपीएस वाईट असला तर जाताना तो इतरांनाही बरोबर घेऊन जातो.

त्याच्या जोडीला यूपीएस. आपल्या बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो आणि पालक विचारतात, मग यूपीएस कशाला? आपल्या विजेची एक आवृत्ती वीस मिलिसेकंदांची असते. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो. एका आवृत्तीइतकासुद्धा नाही. साधा घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाण्यास याहून अधिक वेळ घेऊ शकतो. पंखा आणि दिवा तो खंड पचवितात. संगणक बंद पडतो, आणि त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस काही मिलिसेकंदांतच बदल करतो. मात्र घेताना व्होल्ट-अँपिअर आणि वॅट यांची गल्लत करू नये. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. आज तो पुरेल. पुढे कार्ड घालायचे मनात असेल तर हजार व्हीएचा घ्यावा. आणि वादळात वीज कडाडू लागली की यूपीएसवर विसंबू नये. प्लग भिंतीतून काढून ठेवावा. इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढावी.

विजेनंतर उष्णता आणि धूळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. खोलीच तापलेली असेल तर पंखा तापलेलीच हवा आत ओढणार. प्रोसेसर ठराविक तापमानाच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे महाग प्रोसेसर घेऊन त्याला कोंदट कॅबिनेटात ठेवले, तर विकत घेतलेला वेग उन्हाळ्यात परत केल्यासारखेच आहे. समोर काच आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दिसते छान. पण आपल्याला समोर जाळी, आत काढून धुता येणारी गाळणी, दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा, असे कॅबिनेट हवे. आत येणारी हवा अधिक असली की फटींतून धूळ कमी शिरते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, भिंतीला चिकटवू नये. मागची रिकामी खाच पत्र्याने झाकावी, नाहीतर पाल आत वस्तीला येते. गावाकडची पाल बोर्डावर मेली की होणारे नुकसान विजेपेक्षा कमी नसते.

डिस्कबद्दल थोडक्यात. फिरत्या तबकडीची डिस्क आता जुने साठे ठेवण्यापुरती. मुख्य डिस्क एसएसडीच असावी. साटा प्रकारची सेकंदाला सुमारे साडेपाचशे मेगाबाइट वाचते. एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी, बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब असते आणि थेट बोर्डावर बसते. पाचशे गिगाबाइटने सुरुवात करावी, बोर्डावर दुसरी जागा आहे का ते पाहून ठेवावे.

पडदा आणि कळफलक यांकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, आणि मूल रोज पाहते ते पडद्याकडे, हात लावते तो कळफलकाला. चोवीस इंची, आयपीएस प्रकारचा, उंची जुळविता येईल असा पडदा घ्यावा. प्रोसेसर दोनदा बदलेल तोवर तोच पडदा चालेल. कळफलकाबाबत या शाळेच्या माणसांना मला मुद्दाम सांगायचे आहे. इनस्क्रिप्ट हा कळांचा आराखडा देवनागरीतल्या सर्व भाषांना सामाईक आहे. त्यावर हिंदी शिकलेला हात मराठीही लिहितो, आणि ‘ळ’ शोधत बसावे लागत नाही. मध्य प्रदेशातील सरकारी नोकऱ्यांसाठी जी सीपीसीटी परीक्षा होते, तिच्या हिंदी टंकलेखनातही तो चालतो. संगणक घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मुलाने इनस्क्रिप्टवर आजीला मराठीत एक पत्र लिहावे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाचा संगणक मुका राहू नये.

आता पैशांचा हिशेब. एकंदर रक्कम शंभर रुपये मानली, तर माझी वाटणी साधारण अशी असते : प्रोसेसर बावीस, मदरबोर्ड चौदा, रॅम चौदा, एसएसडी दहा, एसएमपीएस नऊ, कॅबिनेट सहा, पडदा सोळा, यूपीएस सहा, कळफलक व माउस तीन. ही काही पोथी नव्हे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले आणि हा हिशेब कोलमडला. अशा वेळी आठ गिगाबाइटच्या एका पट्टीवर सुरुवात करून दुसरी जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे. एसएमपीएस हलका करणे शहाणपणाचे नव्हे. भाव वर-खाली होतात. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हा क्रम बदलत नाही.

मुलीची तिसरी यादी या विचाराने झाली. ग्राफिक कार्ड गेले, चित्रभागासह सहा गाभ्यांचा प्रोसेसर आला. यूपीएस परतला, पडदा मोठा झाला. प्रत्येक वस्तूपुढे एक वाक्य होते. एसएमपीएसपुढे तिने लिहिले होते : ‘उद्याच्या कार्डासाठी आणि आजच्या झोपेसाठी.’ वडिलांनी त्या कागदावर सही केली.

खरेदीसाठी ती दोघे जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेली. तेथे पाळावयाची पथ्ये थोडी आहेत. तीन दुकानांत एकच यादी दाखवून भाव लिहून घ्यावेत. ‘हे नाही, याच्यासारखेच दुसरे देतो’ असे दुकानदार म्हणाला, तर तेथेच होकार देऊ नये. नाव लिहून घ्यावे, बाहेर येऊन जोडी पुन्हा तपासावी. डबा सीलबंद असावा. बिल पक्के, जीएसटीचे, प्रत्येक भागाच्या क्रमांकासह घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर हमी मिळत नाही. प्रत्येक भागाच्या हमीची मुदत वेगळी असते, म्हणून सर्व डबे आणि बिले एका खोक्यात जपून ठेवावीत. वापरलेले ग्राफिक कार्ड फार स्वस्त मिळाले, तर ते स्वस्त का आहे हे आधी विचारावे.

जुळणीचे काम एका रविवारच्या सकाळचे आहे. सुती कपडे घालावेत, हात लोखंडाला लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसर त्याच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणाच्या खुणेप्रमाणे ठेवावा; तो दाबायचा नसतो, स्वतःच्या वजनाने बसतो. बोर्ड कॅबिनेटात घालण्यापूर्वी त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवूनच एकदा सुरू करून पाहावा. बिघाड असेल तर तेथेच कळतो. प्रोसेसरच्या पंख्याची तार आणि बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ टोकांची वीजतार, या दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात.

त्या मुलीचा संगणक पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. वडिलांचा चेहरा उतरला. पन्नास हजारांचा प्रश्न होता. ते फोन उचलू लागले, तोच ती म्हणाली, “बाबा, थांबा. बोर्डावरचा पिवळा दिवा रॅमचा आहे, पुस्तिकेत लिहिले आहे.” तिने वीज काढली, दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबल्या. पडद्यावर अक्षरे उमटली. वडिलांनी मला नंतर सांगितले, “संगणक चालू झाला याचा आनंद झालाच, पण ती घाबरली नाही, याचा अधिक झाला.”

पालकहो, या विषयात पणाला काय लागलेले असते, ते या एका वाक्यात आहे. आपल्या घरांतून निघणारे चाळीस-पन्नास हजार रुपये ही मोठी रक्कम आहे. ती वाया जाऊ नये, हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, आपली मुले अशा जगात निघाली आहेत जेथे प्रत्येक यंत्र बंद डब्यात येते आणि ‘उघडू नका’ असे त्यावर लिहिलेले असते. बिघडले की फेका आणि नवे घ्या, असे त्यांना रोज सांगितले जाते. एकदा स्वतःच्या हाताने, कारण लिहून, जोडी तपासून, यंत्र उभे केलेले मूल त्या सांगण्याला सहजासहजी भुलत नाही. पुढे ते औषध घेईल, कर्ज घेईल, नोकरी निवडेल, तेव्हाही त्याच्या मनात तोच कागद असेल : वस्तूपुढे एक वाक्य, का?

म्हणून माझी विनंती दोन्ही पक्षांना आहे. पालकांनी यादी स्वतः करू नये. मुलाला करू द्यावी, आणि कारण विचारण्याचा आपला अधिकार सोडू नये. प्रोसेसरची पिढी तुम्हाला कळली नाही तरी चालेल. मुलाचे वाक्य पटण्याजोगे आहे की नाही, एवढे तुम्हाला निश्चित कळते. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या विद्येची ओळख आहे, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. अकरावी-बारावीच्या मुलांनी आपल्या याद्या घेऊन यावे, आपण जोड्या तपासून द्याव्यात. एखादा जुना संगणक सर्वांसमोर उघडावा, मुलांच्या हातांनी तो पुन्हा जुळवावा. यासाठी शाळेला निधी लागणार नाही. एक वर्ग, एक टेबल आणि नीट अर्थिंग केलेला एक प्लग पुरेल. प्लगची जबाबदारी मी घेतो.

साठ वर्षांपूर्वी या शाळेने फळ्यावर ‘कारणे द्या’ असे लिहिले तेव्हा संगणक कोणी पाहिलाही नव्हता. तरी आज त्या प्रश्नाइतका उपयोगी दुसरा धडा मला सापडत नाही. ज्या गुरुजनांनी तो आपल्याकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेतला, त्यांना वंदन करतो.